जाकोमो चामिचान

जाकोमो लुइजी चामिचान (२७ ऑगस्ट १८५७, त्रिएस्ते – २ जानेवारी १९२२, बोलोन्या) हे आर्मेनियन वंशाचे इटालियन रसायनशास्त्रज्ञ होते. सूर्यप्रकाशामुळे घडून येणाऱ्या सेंद्रिय रासायनिक अभिक्रियांचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. त्यामुळे आधुनिक प्रकाशरसायनशास्त्राच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. पायरोल या संयुगावरील त्यांचे संशोधनही महत्त्वाचे मानले जाते. दगडी कोळशाचे साठे संपणारे आहेत आणि उद्योगांनी सूर्याची ऊर्जा थेट वापरावयास शिकले पाहिजे, हा विचार त्यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात मांडला. दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने पाण्यातील व हवेतील प्रदूषकांचे विघटन करणाऱ्या आजच्या नॅनोपदार्थांच्या संशोधनाची वैचारिक पार्श्वभूमी सांगताना या व्याख्यानाचा उल्लेख केला जातो.

जन्म व शिक्षण

चामिचान यांचा जन्म एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील त्रिएस्ते या बंदरात झाला. हे शहर त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. तेथे इटालियन, जर्मन आणि स्लाव्ह भाषा बोलणारे लोक एकत्र नांदत असत. चामिचान कुटुंब मूळचे आर्मेनियन होते. जन्माने ऑस्ट्रियाचे प्रजाजन, वंशाने आर्मेनियन आणि संस्कृतीने इटालियन अशा वातावरणात त्यांची जडणघडण झाली. जर्मन आणि इटालियन या दोन्ही विज्ञानपरंपरांशी त्यांचा पुढे जो निकटचा संबंध राहिला, त्याचे मूळ येथेच होते.

उच्च शिक्षणासाठी ते व्हिएन्नाला गेले. विद्यार्थिदशेतच त्यांनी मूलद्रव्यांच्या वर्णपटांवर संशोधन करून निबंध प्रसिद्ध केले. रासायनिक गुणधर्मांत साम्य असलेल्या मूलद्रव्यांच्या वर्णपटांतही साम्य आढळते का, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. प्रकाश आणि पदार्थ यांच्या संबंधाविषयीचे त्यांचे कुतूहल असे प्रारंभापासून दिसते. १८८० मध्ये त्यांनी जर्मनीतील गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

रोम येथील संशोधन

डॉक्टरेटनंतर चामिचान रोमला आले आणि स्टानिस्लाओ कानिझारो यांचे साहाय्यक झाले. अणुभार व रेणुभार यांविषयीचा गोंधळ दूर करणारे शास्त्रज्ञ म्हणून कानिझारो तेव्हा युरोपभर विख्यात होते. त्यांच्या प्रयोगशाळेत चामिचान यांनी पायरोल या संयुगाचा अभ्यास हाती घेतला. पायरोलच्या रेणूत कार्बनचे चार व नायट्रोजनचा एक अणू मिळून पाच अणूंचे वलय असते. १८८१ मध्ये मॅक्स डेनष्टेट यांच्यासमवेत त्यांनी क्लोरोफॉर्म व अल्कली यांच्या साहाय्याने पायरोलच्या पाच अणूंच्या वलयापासून पिरिडीनचे सहा अणूंचे वलय तयार करून दाखविले. ही अभिक्रिया आज चामिचान–डेनष्टेट पुनर्रचना या नावाने ओळखली जाते.

पायरोलपासून मिळणारे आयोडॉल हे आयोडीनयुक्त संयुग पुढे जंतुनाशक म्हणून वापरात आले. रक्तातील हीम आणि वनस्पतींतील हरितद्रव्य या दोहोंच्या रेणूंत पायरोलची वलये असतात, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. त्यामुळे चामिचान यांच्या या प्रारंभीच्या कामाचे मोल आणखी वाढले.

रोममध्येच त्यांची पाउल सिल्बर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाशी गाठ पडली. या दोघांचे सहकार्य पुढे सुमारे तीन दशके टिकले. चामिचान यांचे प्रकाशरसायनावरील बहुतेक निबंध सिल्बर यांच्यासह संयुक्तपणे प्रसिद्ध झालेले आहेत.

प्रकाशाच्या रासायनिक परिणामाचा प्रश्नही त्यांना याच प्रयोगशाळेत भेटला. कानिझारो व फाउस्तो सेस्तिनी यांनी सँटोनिन या वनस्पतिजन्य पदार्थावर प्रकाशाचा काय परिणाम होतो हे पूर्वीच तपासले होते. १८८६ मध्ये चामिचान व सिल्बर यांनी क्विनोनचे अल्कोहोलमधील द्रावण उन्हात ठेवले. क्विनोनचे हायड्रोक्विनोनमध्ये रूपांतर झाले आणि अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड तयार झाले. नायट्रोबेंझीनच्या अल्कोहोलमधील द्रावणापासून अशाच रीतीने ॲनिलीन व क्विनाल्डीन ही संयुगे मिळाली. एरवी तीव्र अभिकर्मक लागणारे क्षपण येथे केवळ सूर्यप्रकाशाने घडले होते. याच सुमारास जर्मनीतील हाइनरिष क्लिंगर हेही अशाच प्रकारचे प्रयोग करीत होते. त्या काळच्या वैज्ञानिक शिष्टाचारानुसार चामिचान यांनी हे क्षेत्र क्लिंगर यांच्यासाठी मोकळे सोडले. नंतर सुमारे चौदा वर्षे त्यांनी या विषयावर काही प्रसिद्ध केले नाही.

पादुआ व बोलोन्या

१८८७ मध्ये चामिचान पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८८९ मध्ये बोलोन्या विद्यापीठात रुजू झाले. युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक असलेल्या या विद्यापीठात त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले. आंजेलो आंजेली, जुझेप्पे प्लांकेर यांसारखे नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले.

प्रकाशरसायनातील प्रयोग

१९०० च्या सुमारास चामिचान व सिल्बर पुन्हा प्रकाशरसायनाकडे वळले. पुढील चौदा वर्षांत त्यांनी प्रकाशाच्या रासायनिक क्रिया या समान शीर्षकाखाली निबंधांची दीर्घ मालिका प्रसिद्ध केली.

त्यांची प्रयोगपद्धती साधी, परंतु चिकाटीची परीक्षा पाहणारी होती. तपासावयाची द्रावणे काचेच्या नळ्यांत व चंबूंत भरून त्यांची तोंडे बंद केली जात. ती बोलोन्याच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर ओळीने मांडून आठवडे, महिने, प्रसंगी वर्षभर उन्हात ठेवली जात. शेकडो काचपात्रांच्या मधोमध उभे असलेल्या चामिचान यांचे छायाचित्र विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात व ढगाळ हवेत काम मंदावे. पात्रे उघडल्यावर तयार झालेल्या मिश्रणातून एकेक घटक वेगळा करून त्याची ओळख पटविणे हे खरे अवघड काम असे. आधुनिक विश्लेषण उपकरणे त्या काळी उपलब्ध नव्हती.

साधी काच सूर्यप्रकाशातील लघुतम तरंगलांबीचे अतिनील किरण अडविते. त्यामुळे द्रावणापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात मुख्यतः दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण व दृश्य प्रकाश असे. यांपैकी कोणता भाग कार्य करतो हे शोधण्यासाठी चामिचान यांनी रंगीत द्रावणांचे थर गाळणीप्रमाणे वापरले. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश अभिक्रिया घडवून आणतो, तांबड्या बाजूचा मात्र बहुतांशी निष्क्रिय राहतो, असे त्यांना आढळले. पदार्थ कोणत्या रंगाचा प्रकाश शोषून उपयोगात आणू शकतो, हाच प्रश्न आजच्या प्रकाश-उत्प्रेरकांच्या संशोधनातही केंद्रस्थानी आहे.

या प्रयोगांतून पुढील महत्त्वाच्या गोष्टी पुढे आल्या :

बेंझोफिनोनचे अल्कोहोलमधील द्रावण उन्हात ठेवल्यास दोन रेणू जोडले जाऊन बेंझोपिनाकॉल तयार होते.

ऑर्थो-नायट्रोबेंझाल्डिहाइडचे ऑर्थो-नायट्रोसोबेंझोइक अम्लात रूपांतर होते. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभिक्रियेत ऑक्सिजनचा अणू रेणूच्या एका भागाकडून त्याच रेणूच्या दुसऱ्या भागाकडे जातो. प्रकाशाची मात्रा मोजण्यासाठी या अभिक्रियेचा पुढे उपयोग होऊ लागला.

कुमारीन व स्टिल्बीन यांसारख्या संयुगांचे दोन-दोन रेणू प्रकाशात परस्परांशी जोडले जातात.

कीटोन वर्गातील संयुगांमधील कार्बन–कार्बन बंध प्रकाशाने तुटतो. उदाहरणार्थ, पाण्यातील ॲसिटोनपासून ॲसिटिक अम्ल व मिथेन मिळतात. या प्रकारच्या विघटनाला पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ रोनाल्ड नॉरिश यांचे नाव मिळाले.

शहाजिऱ्याच्या तेलात आढळणाऱ्या कार्व्होनपासून दीर्घकाळ उन्हात ठेवल्यावर एक नवा समघटक तयार होतो. १९०८ मध्ये चामिचान व सिल्बर यांनी त्याची नोंद केली. त्याची रचना १९५७ मध्ये जॉर्ज ब्यूची व आयर्विंग गोल्डमन यांनी निश्चित केली, तेव्हा एकाच रेणूतील दोन द्विबंधांपासून चार कार्बन अणूंचे वलय तयार होण्याचे हे पहिले उदाहरण ठरले.

मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात पाणी, ऑक्सिजन व सूर्यप्रकाश यांच्या एकत्रित परिणामाचा अभ्यास झाला. टोल्यूइनपासून बेंझोइक अम्ल आणि झायलीनपासून टोल्यूइक अम्ले मिळतात, असे त्यांनी दाखविले. पाण्यातील सेंद्रिय पदार्थाचे हवेतील ऑक्सिजन व ऊन यांच्यामुळे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले. चामिचान यांचा उद्देश पाणी शुद्ध करणे हा नव्हता. तरीही टोल्यूइन व झायलीन यांची आज प्रदूषकांमध्ये गणना होत असल्यामुळे हे प्रयोग नव्या संदर्भात महत्त्वाचे ठरतात.

वनस्पतींवरील संशोधन

जे काम रसायनशास्त्रज्ञ तापमान, दाब आणि तीव्र अम्ले यांच्या जोरावर करतात, तेच वनस्पती सामान्य तापमानात व मंद प्रकाशात करतात, याचे चामिचान यांना विशेष आकर्षण होते. १९०८ च्या सुमारास चिरो रावेन्ना यांच्यासह त्यांनी जिवंत वनस्पतींवर प्रयोग सुरू केले. मक्याच्या रोपांत सॅलिजेनिन हा पदार्थ सोडल्यास रोप त्याला शर्करेशी जोडून सॅलिसिन तयार करते, असे त्यांना आढळले. तंबाखूच्या रोपांवर प्रयोग करून निकोटिनच्या निर्मितीचाही त्यांनी अभ्यास केला. अल्कलॉइडे ही वनस्पतींनी टाकून दिलेली द्रव्ये नसून वनस्पतींच्या जीवनव्यापारात त्यांचे काही कार्य असावे, असे मत त्यांनी मांडले.

१९१२ चे न्यूयॉर्क येथील व्याख्यान

उपयोजित रसायनशास्त्राची आठवी आंतरराष्ट्रीय परिषद १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे भरली. तेथे ११ सप्टेंबर रोजी चामिचान यांनी प्रकाशरसायनाचे भवितव्य या विषयावर व्याख्यान दिले. सायन्स या नियतकालिकाने ते त्याच महिन्यात प्रसिद्ध केले.

व्याख्यानाचा प्रारंभ कोळशाच्या हिशेबाने होतो. दगडी कोळसा म्हणजे प्राचीन वनस्पतींनी साठवून ठेवलेली सूर्याची ऊर्जा. मानव ती संपत्ती वेगाने खर्च करीत आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९०९ मध्ये युरोप व अमेरिकेत कोळसा आणि लिग्नाइट मिळून सुमारे ११० कोटी टनांचे उत्पादन झाले, हा आकडा त्यांनी आधारासाठी घेतला. त्याच्याशी तुलना करून त्यांनी सांगितले की, ६० लाख चौरस किलोमीटर विस्ताराच्या सहारा वाळवंटावर एका दिवसात पडणारी सौर ऊर्जा ६०० कोटी टन कोळशाच्या ऊर्जेइतकी भरते. म्हणजे ऊर्जेची टंचाई नव्हती. उणीव होती ती ऊर्जा पकडून उपयोगात आणण्याच्या युक्तीची.

यासाठी त्यांनी दोन मार्ग सुचविले. जेथे पाऊस व सुपीक जमीन आहे, तेथे वनस्पतींनाच हे काम करू द्यावे, शेतीतून इंधन व उपयुक्त रसायने मिळवावीत. जेथे वनस्पती वाढत नाहीत, अशा ओसाड प्रदेशांत काचेच्या नळ्या व काचेच्या इमारती उभारून त्यांत कृत्रिम प्रकाशरासायनिक क्रिया घडवाव्यात. त्यासाठी योग्य उत्प्रेरक शोधणे हे रसायनशास्त्रज्ञांपुढील कार्य आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. प्रकाशापासून वीज देणाऱ्या घटाची शक्यताही त्यांनी विचारात घेतली होती. धूर व धुराडी नसलेल्या उद्योगांचे जे चित्र त्यांनी रंगविले, त्यामुळे हे व्याख्यान रसायनशास्त्राबाहेरच्या वाचकांपर्यंतही पोहोचले.

ऊन ही संपत्ती कोळशाच्या खाणींप्रमाणे मोजक्या देशांच्या ताब्यात नाही, उलट उष्ण व कोरड्या प्रदेशांकडे ती अधिक आहे, हा या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा होता.

सार्वजनिक जीवन व सन्मान

पायरोलवरील संशोधनासाठी १८८७ मध्ये चामिचान यांना लिन्चेई अकादमीचे राजपारितोषिक मिळाले. १९१० मध्ये त्यांची इटलीच्या सिनेटवर नियुक्ती झाली. रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव नऊ वेळा सुचविले गेले, परंतु ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही.

अखेरची वर्षे

पहिल्या महायुद्धाने चामिचान यांच्या प्रकाशरसायनावरील कामाला जबर धक्का दिला. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि जर्मन नागरिक असलेल्या सिल्बर यांना इटली सोडावी लागली. त्यांच्या जाण्याने गच्चीवरील प्रयोगांची मालिका खंडित झाली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्यानंतर चामिचान यांनी मुख्यतः रावेन्ना यांच्यासह वनस्पतींवरील काम चालू ठेवले. युद्धानंतर त्रिएस्ते हे त्यांचे जन्मगाव इटलीत समाविष्ट झाले. २ जानेवारी १९२२ रोजी बोलोन्या येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या काळात स्वस्त खनिज तेल विपुल प्रमाणात उपलब्ध झाले. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाची कल्पना त्यामुळे मागे पडली. महिनोन्‌महिने उन्हाची वाट पाहावी लागणारी अभिक्रिया काही तासांत काम उरकणाऱ्या कारखान्याशी स्पर्धा करू शकत नव्हती. चामिचान यांनी ज्याची गरज सांगितली होती तो कार्यक्षम उत्प्रेरक त्या काळी हाती नव्हता.

वारसा : प्रकाश-उत्प्रेरक नॅनोपदार्थ

चामिचान यांचे प्रयोग प्रामुख्याने द्रावणांतील रेणूंवर होते. घन अर्धवाहकांच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरणाचा उगम वेगळ्या प्रवाहातून झाला. १९११ मध्ये जर्मनीतील अलेक्झांडर आइब्नर यांनी झिंक ऑक्साइडच्या सान्निध्यात प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य प्रकाशात फिके पडते, असे नोंदविले होते. हे दोन प्रवाह पुढे कित्येक दशकांनी एकत्र आले.

१९७२ मध्ये जपानमधील आकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडविल्याचे वृत्त नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये स्टीव्हन फ्रँक व ॲलन बार्ड यांनी याच पदार्थाच्या भुकटीने पाण्यातील विषारी सायनाइडचे प्रकाशात ऑक्सिडीकरण करता येते हे दाखविले.

या क्रियेत अर्धवाहक प्रकाश शोषतो, तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वरच्या ऊर्जापातळीत जातो व मागे रिकामी जागा उरते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी संयोग पावतो, तर रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन खेचून घेते. त्यातून हायड्रॉक्सिल मूलकासारखे अत्यंत क्रियाशील घटक तयार होतात. ते रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांचे अवशेष इत्यादींच्या रेणूंवर आघात करून त्यांचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात. विघटन पूर्ण झाल्यास कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधी लवणे उरतात, अपूर्ण राहिल्यास मधल्या टप्प्यातील हानिकारक पदार्थ शिल्लक राहू शकतात. काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर आकाराच्या कणांचा पृष्ठभाग त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने फार मोठा असतो. शिवाय इलेक्ट्रॉनाला पृष्ठभागापर्यंत थोडेच अंतर कापावे लागते. म्हणून या कामासाठी नॅनोपदार्थ उपयुक्त ठरतात.

टायटॅनियम डायऑक्साइडची मोठी मर्यादा अशी की, त्याला मुख्यतः अतिनील किरणच लागतात. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा सुमारे ५ टक्के, तर दृश्य प्रकाशाचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असतो. म्हणून दृश्य प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. २००१ मध्ये र्‍योजी असाही व सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून त्याला दृश्य प्रकाशात कार्यक्षम केले. बिस्मथ व्हॅनॅडेट, चांदीच्या नॅनोकणांनी युक्त संयुक्त पदार्थ आणि कार्बन व नायट्रोजन यांपासून बनणारे ग्राफाइटसदृश कार्बन नायट्राइड यांचाही या दिशेने अभ्यास होत आहे. प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन काम करण्याआधीच रिकाम्या जागेत परत पडणे, उत्प्रेरकाचा टिकाऊपणा कमी असणे आणि शुद्ध केलेल्या पाण्यातून नॅनोकण परत वेगळे करणे या अडचणी अद्याप पूर्णपणे सुटलेल्या नाहीत.

सौर इंधने, कृत्रिम प्रकाशसंश्लेषण आणि सूर्यप्रकाशाने पाण्याचे शुद्धीकरण या विषयांच्या इतिहासात चामिचान यांच्या १९१२ च्या व्याख्यानाला मानाचे स्थान आहे. बोलोन्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला त्यांचे नाव देण्यात आले असून प्रकाशरसायनातील संशोधनासाठी तो विभाग आजही प्रसिद्ध आहे.